हप्ता की भाडं?

नोकरी लागून वर्ष होत नाही तोच घरात कुणीतरी विषय काढतं. मामा काढतो, होणारे सासरे काढतात, ऑफिसातला सीनियर काढतो. वाक्य ठरलेलं असतं: भाड्याचा पैसा पाण्यात जातो, त्यात थोडी भर घाल, हप्ता भर, घर तुझ्या नावावर होईल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि त्याच्या उमेदीच्या काळात ते बरंचसं खरंही होतं. आजच्या पुण्या-मुंबईत मात्र त्यातल्या दोन शब्दांवर अडायला हवं. भर थोडी नसते. आणि पाण्यात फक्त भाडंच जात नाही.

आकडे मांडूनच बघू. पुण्यात वाकड किंवा हडपसरकडे ८० लाखांचा, ताबा मिळायला तयार असलेला टू बीएचके धरला, तर त्यावर मुद्रांक शुल्क आणि त्यातले अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार लागतात. नोंदणी शुल्काचे ३० हजार वेगळे. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे इथे ८० हजार वाचतात. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. घर बांधकाम चालू असलेलं असेल तर आणखी ५ टक्के जीएसटी, चार लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्केच देऊ शकते. समजा ६० लाखांचं कर्ज काढलं. उरलेले २० लाख आणि शुल्काचे सहा, असे २६ लाख खिशातून जातात. बहुतेक घरांत ही रक्कम मुदत ठेवी मोडून, आईच्या बांगड्या काढून आणि वडिलांच्या पीएफमधून उभी राहते. सोफा, पंखे, किचन ट्रॉली यांचा हिशेब अजून सुरूच झालेला नाही.

आता हप्ता. ६० लाख, २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के. महिन्याचा हप्ता ५२ हजारांच्या थोडा वर. पहिल्या हप्त्यातले ४२ हजार ५०० रुपये व्याजाचे आणि मुद्दलात जातात साडेनऊ हजार. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला की बँकेला ३१ लाखांहून जास्त दिलेले असतात आणि कर्ज कमी झालेलं असतं सात लाखांनी. निम्मं मुद्दल फिटायला जवळपास चौदा वर्षं जातात. वीस वर्षांत एकूण भरणा सव्वा कोटीच्या घरात, त्यात व्याज ६५ लाख.

हे व्याजही परत येत नाही. भाडं म्हणजे घर वापरण्याचा मोबदला आणि व्याज म्हणजे पैसा वापरण्याचा. तोच ८० लाखांचा फ्लॅट भाड्याने घेतला तर महिन्याला साधारण २५ हजारांत मिळू शकतो, म्हणजे वर्षाला किमतीच्या पावणेचार टक्के. कर्जाचा दर साडेआठ टक्के. या दोन टक्केवाऱ्यांमधलं अंतर हाच सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. आपल्या शहरांत घरांच्या किमती भाड्याच्या मानाने फार पुढे गेल्या आहेत, त्यामुळे पहिल्या वर्षी भाडेकरू मालकापेक्षा महिन्याला तब्बल ३१ हजारांनी हलका असतो. यात मालकाला पडणारा सोसायटीचा मेंटेनन्स आणि मिळकतकर मिळून चार हजार धरले आहेत.

पण पुढच्या वर्षी भाडं वाढतं, हप्ता वाढत नाही. भाडं दरसाल सात टक्क्यांनी वाढत गेलं तर बाराव्या वर्षी ते हप्त्याला गाठतं आणि विसाव्या वर्षी ९० हजारांवर जातं. म्हणून एका महिन्याची तुलना करून निर्णय घेणं चुकीचं. पूर्ण वीस वर्षं मांडावी लागतात. समजा भाडेकरूने ते २६ लाख आणि दर महिन्याची बचत गुंतवली, कर जाऊन त्याला आठ टक्के मिळाले, नंतरच्या वर्षांत भाडं हप्त्याच्या वर गेलं तेव्हा त्याच साठ्यातून तो फरक काढला. इकडे मालकाच्या घराची किंमत दरसाल पाच टक्क्यांनी वाढली. वीस वर्षांनी मालकाकडे २ कोटी १२ लाखांचं कर्जमुक्त घर असतं आणि भाडेकरूकडे सुमारे २ कोटी ८ लाख रुपये. म्हणजे बरोबरी.

ही बरोबरी नाजूक आहे. घराची वाढ पाचाऐवजी तीन टक्के झाली तर मालकाचं घर १ कोटी ४४ लाखांवरच राहतं; सात टक्के झाली तर तीन कोटींच्या वर जातं. मेट्रो येणार, रिंगरोड होणार या आशेवर किती टक्के धरायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं, पण बिल्डरच्या माहितीपत्रकातला आकडा धरू नये. दुसरं, मुदतीने निकाल पूर्ण फिरतो. वरच्याच हिशेबात पाच वर्षांत घर विकावं लागलं तर भाडेकरू दहा-अकरा लाखांनी पुढे असतो, कारण मुद्रांक शुल्क गेलेलं असतं, हप्त्यातलं बरंचसं व्याजच झालेलं असतं आणि विकताना पुन्हा दलाली द्यावी लागते. दहाव्या वर्षीही तोच पुढे असतो. मालक त्याला गाठतो तो दुसऱ्या दशकात.

सगळ्यात मोठी अट मात्र वेगळीच आहे. तो भाडेकरू वीस वर्षं दर महिन्याला ठरलेली रक्कम बाजूला टाकतो, असं आपण धरून चाललो. असं किती जण करतात? हातात उरलेले ३१ हजार गाडीच्या हप्त्यात, फोनमध्ये, सहलींत, धाकट्याच्या लग्नात कधी विरघळतात ते कळत नाही. गृहकर्जाची खरी किमया किमतीच्या वाढीत नाही, सक्तीत आहे: पगार झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हप्ता कापला जातो, मग घरखर्च. मध्यमवर्गाची बरीचशी संपत्ती अशीच सक्तीने साठली आहे. ज्याला आपली सवय ठाऊक आहे आणि ती बचतीची नाही, त्याने घर घेणं हे शहाणपणाचंच आहे, मग गणित काहीही म्हणो.

हप्ता वाढत नाही, असं मी वर म्हटलं, ते मात्र अर्धंच खरं. आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं बदलत्या व्याजदराची असतात आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. ज्यांनी आदल्या वर्षी स्वस्त दर पाहून कर्ज घेतलं होतं, त्यांच्या बाबतीत काय झालं असेल ते एका उदाहरणात दिसतं. ५० लाखांचं, २० वर्षांचं कर्ज सात टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ३८ हजार ७६५. दर नऊ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर फेडीला ३८ वर्षं लागतात. साडेनऊ टक्के झाला तर नुसतं व्याजच महिन्याला ३९ हजार ५८३ होतं. हप्त्यातून व्याजही भागत नाही, फेड तर दूरच. बँका हप्ता न वाढवता मुदत वाढवत होत्या आणि कित्येक कर्जदारांना त्याचा पत्ताही नव्हता. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने फर्मावलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारायचं. ज्यांच्याकडे कर्ज चालू आहे त्यांनी बँकेच्या अ‍ॅपवर शिल्लक मुदत आजच बघावी. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरायला दंड लागत नाही. बोनसमधून पहिल्या काही वर्षांत भरलेला एकेक लाख पुढचे कित्येक हप्ते वाचवतो.

करसवलतीसाठी घर घ्यावं, हा सल्ला आता जुना झाला. राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली मुळातच लागू धरली जाते. घरभाडे भत्त्याची सूटही जुन्यातच. त्यामुळे या मुद्द्यावर दोन्ही बाजू जवळपास सारख्याच उघड्या पडल्या आहेत.

फ्लॅट घेताना आपण नेमकं काय विकत घेतो, हेही नीट पाहायला हवं. भिंती, फरशा, लिफ्ट, नळ यांची किंमत वर्षागणिक उतरतच जाते. वाढते ती जमिनीची. चार मजली जुन्या सोसायटीत एकेका सभासदाच्या वाट्याला जमिनीचा बऱ्यापैकी हिस्सा येतो, म्हणून कोथरूड किंवा पार्ल्याच्या चाळीस वर्षांच्या इमारतींना पुनर्विकासात भाव मिळतो. बावीस मजली टॉवरमध्ये तोच हिस्सा टीचभर उरतो आणि उपलब्ध चटईक्षेत्र आधीच वापरून झालेलं असतं. त्या टॉवरच्या पुनर्विकासातून आजच्या जुन्या इमारतींसारखा लाभ मिळेल, असं धरून चालू नये. शिवाय जमीन सोसायटीच्या नावावर झालीच असेल असंही नाही. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने ती करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे, तरीही हजारो सोसायट्यांची अभिहस्तांतरणं रखडलेली आहेत. अशांसाठी २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढावी लागली. जुना फ्लॅट घेताना सोसायटीच्या चिटणीसाला पहिला प्रश्न हाच विचारावा.

नवं बांधकाम घेणाऱ्यांची ओढाताण वेगळी असते. ताबा मिळेपर्यंत भाडंही द्यायचं आणि बँकेला व्याजही. ताबा दोन वर्षं लांबला की सगळं अंदाजपत्रक कोलमडतं. १ मे २०१७ पासून महारेरा हे गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण कामाला लागल्यावर परिस्थिती खूप सुधारली, हे मान्य करायला हवं. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, विक्री कार्पेट क्षेत्रावरच होते, ताबा लांबला तर व्याज मागता येतं किंवा व्याजासह पैसे परत घेऊन बाहेर पडता येतं. करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागू शकत नाही. तरीही साइट ऑफिसच्या एसीत बसून, ‘आजच बुकिंग केलं तर दोन लाखांची सूट’ ऐकून लोक चेक फाडतात आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडूनही बघत नाहीत. ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, कोर्टात काही चालू आहे का, हे सगळं तिथे फुकट वाचायला मिळतं.

आता भाड्याच्या घराकडे वळू. त्याचं दुखणं पैशाचं नाही, अस्थिरतेचं आहे. एप्रिलमध्ये मालकाचा फोन येतो: मुलगा परत येतोय, जूनपर्यंत घर रिकामं करा. मग शाळा बदलायची की रोज दहा किलोमीटर रिक्षाने सोडायचं, गॅसचं कनेक्शन हलवायचं, आधारवरचा पत्ता बदलायचा, पोलीस पडताळणीचे कागद पुन्हा द्यायचे, लोखंडी कपाट जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर चढवायचं. भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचारायचं. डिपॉझिटमधून रंगाचे म्हणून किती कापतील ते शेवटपर्यंत सांगता येत नाही. आणि हे तर ज्यांना घर मिळतं त्यांच्याबद्दल झालं. एकटी राहणारी बाई, मुसलमान कुटुंब, आडनावावरून ज्याची जात ओळखली जाते असा दलित तरुण, घरात मासे शिजवणारे, साठी ओलांडलेलं जोडपं, यांना आपल्या सुशिक्षित सोसायट्यांत किती दारं बंद होतात ते एजंटांना चांगलं ठाऊक असतं. अशा माणसाने ‘मला माझं घर हवं’ म्हटलं तर त्याला टक्केवारी ऐकवू नये. सन्मानाने राहता येणं हीच त्याची मिळकत आहे, आणि ती विकत घ्यावी लागते ही आपल्या समाजाची शरम आहे.

भाडेकरूची अशी परवड होण्यामागे इतिहास आहे. गिरणगावातल्या चाळी, पुण्यातले वाडे ही सगळी बिऱ्हाडं भाड्याचीच होती. शहरात माणूस भाड्यानेच राहायचा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत तो कायदा गरजेचा होता, पण तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षं टिकला. भाडेकरूला कुणी हलवू शकत नव्हतं, पण तेवढ्या भाड्यात मालक इमारतीचं गळकं छप्परही दुरुस्त करू शकत नव्हता. भाड्यासाठी घरं बांधणं थांबलं, जुन्या इमारती कोसळू लागल्या, पागडीचा व्यवहार काळ्या पैशात चालू राहिला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता अन्यायाची झाली आहे असं म्हटलं आणि ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. तोवर मालकांच्या मनात भीती पक्की बसली होती की दिलेलं घर परत मिळत नाही. अकरा महिन्यांचा करार हे त्या भीतीचंच अपत्य आहे.

वास्तविक आज या भीतीला कायद्यात आधार उरलेला नाही. नोंदवलेल्या लीव्ह अँड लायसन्स करारात मुदत संपली की मालकाला ताबा परत मिळण्याची स्वतंत्र, जलद तरतूद आहे. करार अकराच महिन्यांचा हवा असंही कुठे नाही. तीन वर्षांचा, पाच वर्षांचा करार करता येतो, दरवर्षीची वाढ आधीच लिहून ठेवता येते आणि ठरावीक काळ दोघांपैकी कुणीच मोडायचा नाही अशी अटही घालता येते. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का: २५ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, तीन वर्षं, तर साधारण २ हजार ३०० रुपये. दर अकरा महिन्यांनी एजंटला द्यायच्या दलालीपुढे हे काहीच नाही. मुलं शाळेत असलेल्या प्रत्येक भाडेकरूने तीन वर्षांचा करार मागून पाहावा. चांगला, वेळेवर भाडं देणारा भाडेकरू मालकालाही टिकवायचा असतो, आणि विचारल्याशिवाय कुणी देत नाही.

तेव्हा माझं मत असं. नोकरीची पहिली सात-आठ वर्षं, जेव्हा कंपनी बदलते, शहर बदलतं, कधी हिंजवडीतून एकदम खराडीला जावं लागतं, तेव्हा बिनधास्त भाड्याने राहावं आणि हप्त्याएवढीच शिस्त लावून पैसा साठवावा. घर तेव्हा घ्यावं जेव्हा त्या भागात दहा-बारा वर्षं हलायचं नाही हे पक्कं असेल आणि दोघांपैकी एकाचा पगार बंद पडला तरी सहा महिने हप्ता भरता येईल. २०२० च्या टाळेबंदीत सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा मिळाली, पण त्या काळाचं व्याज चालूच राहिलं, हे ज्यांनी भोगलं त्यांना या अटीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. दुसरा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेऊन भाड्याने द्यायचा, ही कल्पना मला आजच्या भावात पटत नाही. पावणेचार टक्क्यांतून मेंटेनन्स, कर आणि रिकामे महिने वजा करा, आणि सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत लावू शकते तो बिनभोगवटा आकारही. मात्र पगार थांबायच्या वेळी स्वतःचं एक घर हवंच, कारण भाडं निवृत्त होत नाही. ते घर पुण्या-मुंबईतच असायला हवं असं नाही. सातारा, सांगली, रत्नागिरीत निम्म्याहून कमी पैशात बरं घर मिळतं.

आणि जे आज भाड्याने राहत आहेत त्यांना एक आग्रहाचं सांगणं. करार नोंदवल्याशिवाय किल्ली घेऊ नका. महाराष्ट्रात करार अकरा महिन्यांचा असो की साठ, तो लेखी असणं आणि नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. त्याने ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटींवरून वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.